बाबांच्या नावाचा तारा

माझ्या सासरच्या घरात चहा करत नाहीत. कॉफीही नाही, बिअर तर नाहीच. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरी राहायला गेले तेव्हा सकाळी सासूबाईंनी माझ्यापुढे भाजलेल्या जवाची नावापुरती कॉफी ठेवली आणि मी ती चार दिवस औषधासारखी प्यायले. पाचव्या दिवशी बॅगेत चहाची पूड घेऊन माझी मी दोन गल्ल्या पलीकडच्या बेकरीत गेले, गरम पाणी मागितलं आणि उभ्यानंच चहा घेतला. सासूबाईंना ते कळलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायचं नाही, पण लक्षात ठेवायचं, ही त्या घराची रीत.

ते घर जर्मनीत, वाल्डॉर्फपासून गाडीनं वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात आहे. सासू-सासऱ्यांना आठ मुलं. माझा नवरा पाचवा. आठांपैकी सातांची लग्नं झालेली, नातवंडं सव्वीस. माझ्या आईला मी हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली की आपल्याकडे एवढी माणसं फक्त मोर्चाला जमतात. सासरचे मॉर्मन पंथाचे. मॉर्मन म्हणजे काय हे तिला समजावताना माझीच दमछाक झाली. ख्रिश्चनच ना, असं ती विचारायची. हो आणि नाही, असं मी सांगायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करतात म्हटल्यावर मात्र तिला जरा बरं वाटलं.

आठ मुलं वाढवलेल्या बाईचा कारभार कसा असतो ते मी त्या घरात पाहिलं. फ्रिजवर वेळापत्रक. भांडी कोणी धुवायची, प्रार्थना कोणी म्हणायची, जिना कोणी झाडायचा. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली, त्या दिवशी बाहेरच्या कोणाला येऊ देत नाहीत. खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, वर्षभर पुरेल एवढं धान्य. गव्हाच्या बादल्या, डबाबंद वाटाणे, साखर, मीठ, मेणबत्त्या. प्रत्येक डब्यावर सासूबाईंच्या अक्षरात तारीख. जुनं पुढं, नवं मागं. एकदा मी घाईत नवी साखर पुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी ती न बोलता मागं गेलेली होती.

आमचं लग्न स्टांडेसआम्टमध्ये झालं, सरकारी अधिकाऱ्यासमोर, पंधरा मिनिटांत. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि रडत होत्या. मला वाटलं आनंदानं. नंतर नवऱ्यानं सांगितलं की त्यांच्या बाकीच्या मुलांची लग्नं फ्रँकफर्टच्या पुढच्या त्यांच्या मंदिरात झाली होती, तिथं नवरा-बायकोला मरणापलीकडंही बांधून ठेवतात. मी त्यांच्या धर्माची नाही, मला त्या मंदिराच्या आतल्या दालनात पाऊलसुद्धा टाकता येत नाही. म्हणजे सासूबाईंच्या हिशेबात, मेल्यावर सगळं कुटुंब एकत्र जमेल तेव्हा पाचव्या मुलाच्या शेजारची खुर्ची रिकामी असणार. ऐकून मला हसू आलं होतं. ज्या माणसांना गावाबाहेर ठेवण्यात आमच्या गावाच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या लेकीला कोणीतरी आत ये म्हणून रडतंय, हेही मला तेव्हा थोडं आवडलं होतं. खोटं कशाला बोलू.

पण मी गेले नाही. आमच्या मुलीला मात्र मी अडवलं नाही. त्यांच्यात आठव्या वर्षी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. त्याआधी तिला सासूबाईंनी विचारलं, नवऱ्यानं विचारलं, त्यांच्या मंडळींतल्या एका म्हाताऱ्यानंही विचारलं, तुला खरंच हवंय का म्हणून. आठ वर्षांच्या पोरीला तीन-तीनदा विचारतात हे पाहून मी मान तुकवली.

त्या घरात नाताळची तयारी ऑक्टोबरातच सुरू होते. आधी केलरमधले बिस्किटांचे डबे वर येतात, घासून उन्हात ठेवले जातात. मग नोव्हेंबरच्या शेवटी भाजण्याचा शनिवार. सगळ्या सुना, मुली, मोठ्या नाती एका स्वयंपाकघरात. बदामाच्या चंद्रकोरी, दालचिनीच्या चांदण्या, बडीशेपेची, छाप उठवलेली बिस्किटं. अकरा प्रकार, ना दहा ना बारा. मी एकदा आपल्या करंज्या करू का विचारलं. सासूबाई म्हणाल्या की बाराव्या प्रकाराला डबा नाही.

आणि मग काडाचे तारे. हे काम सासूबाई स्वतःच्या हातात ठेवत. गव्हाचं काड गरम पाण्यात भिजवायचं, सुरीनं उभं चिरायचं, इस्त्री फिरवून सपाट करायचं. इस्त्री थोडा वेळ ठेवली तर सोनेरी, जास्त ठेवली तर तपकिरी. मग त्याच्या काड्या लाल दोऱ्यानं बांधून तारा. जर्मनीत हे तारे घरोघरी असतात, पण आमच्या घरात प्रत्येक ताऱ्याला एक कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर एक नाव. ते नाव मेलेल्या माणसाचं. सासूबाई वर्षभर चर्चच्या वह्या, जुने कागद, संगणक धुंडाळून आपले पूर्वज शोधत. त्यांना मंदिरात नेत. म्हणजे घरातलं कोणीतरी पांढरे कपडे घालून, बारा दगडी बैलांच्या पाठीवर ठेवलेल्या हौदात उतरे, मेलेल्याचं नाव उच्चारलं जाई आणि त्याच्या वतीनं हा जिवंत माणूस पाण्यात बुडी मारे. वर्षभरात ज्यांचं असं झालं त्यांचे तारे नाताळच्या झाडावर. पोटाला चिमटा काढून जगलेले शेतकरी, तापानं गेलेली पोरं, लढाईवरून न परतलेले. मला ते वेडगळ वाटायचं आणि त्याच वेळी जरा हेवाही वाटायचा. आमच्या पणजोबांपलीकडे आम्हाला कोणाचं नावसुद्धा माहीत नाही.

माझं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात सासूबाईंच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. डॉक्टरांनी आडवळणानं सांगितलं नाही. नाताळ दिसेल, ईस्टर बहुधा नाही. सासूबाईंनी घरी येऊन फ्रिजवरचं वेळापत्रक बदललं आणि स्वतःच्या नावापुढची कामं एकेका सुनेच्या नावावर टाकली. रडणं वगैरे काही नाही. फक्त त्या वर्षी मंदिराच्या फेऱ्या वाढल्या. नवरा दर पंधरा दिवसांनी त्यांना घेऊन ऑटोबानवरून सव्वा तास जायचा. आईला सोबत हवी, एवढंच तो मला सांगायचा आणि मीही त्यापुढं विचारलं नाही.

त्याच नाताळला माझी आई पहिल्यांदा जर्मनीत येणार होती. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा टपाल खात्यात होते, आई शाळेत शिक्षिका. नागपुरातलं दोन खोल्यांचं घर सोडून ती कुठं जायला तयार नव्हती, पण विहीणबाईंना एकदा भेटून घेते, परत त्या भेटायच्या नाहीत, असं तीच म्हणाली आणि व्हिसाच्या कागदांना लागली.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघी तारे करत होतो. सासूबाई इतक्या वाळल्या होत्या की इस्त्री दोन्ही हातांनी उचलत. त्यांनी माझ्यापुढं यादी ठेवली. एकतीस नावं. मी एकेक चिठ्ठी लिहीत होते. एकोणिसावं नाव माझ्या बाबांचं होतं.

पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. जन्मतारीख, वर्धा जिल्ह्यातलं गाव, मृत्यूची तारीख. मी वर पाहिलं. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीसारखा आनंद होता. त्या म्हणाल्या की तुझ्या आईसाठी ही भेट आहे, चोवीस तारखेपर्यंत सांगू नकोस. कोणीही बाहेर राहू नये एवढीच माझी इच्छा आहे, असं म्हणून त्यांनी माझा हात दाबला. हाताचं नुसतं हाड लागलं.

मी ते नाव लिहिलं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि तरी लिहिलं, वळणदार, बाकीच्यांसारखंच. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. पेन खाली ठेवून उठता आलं असतं.

घरी जाताना गाडीत मी नवऱ्याला विचारलं, पाण्यात कोण उतरलं?  तो म्हणाला, मी. पुरुषाच्या वतीनं पुरुषच उतरू शकतो, आणि ते मीच करावं असं आईला वाटत होतं. मी म्हटलं, आणि तुमच्यात परवानगी लागत नाही का? लागते, तो म्हणाला. मेलेला माणूस अलीकडचा असेल तर जवळच्या नातेवाइकाला विचारावं लागतं. आधी बायको, मग मुलं. अर्जावर तसा चौकोन असतो, त्यात खूण करायची असते. त्यानं ती केली होती. जावई म्हणजे नातेवाईकच, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. त्याला स्वतःच्या आईला नाही म्हणता आलं नाही, हे खरं कारण. तेही त्यानं सांगितलं, अगदी हळू आवाजात. म्हणजे चूक त्यांच्या नियमांचीही नव्हती. नियमानं आधी माझ्या आईलाच विचारायचं होतं.

मी त्याला बाबांबद्दल सगळं सांगितलेलं होतं. शाळेतल्या माठाला हात लावायचा नाही, तहान लागली तर सवर्णांचा कोणी पोरगा वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. सुट्टी संपेपर्यंत कोणी ओतलं नाही तर तसंच वर्गात जायचं. आठ वर्षांचे असताना आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून ते नागपूरला दीक्षेला गेले होते. लाखो माणसांत उभं राहून त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, अर्ध्या कळल्या नाहीत तरी म्हटल्या. पुढं आयुष्यभर ते म्हणायचे की जात मला जन्मानं चिकटली, धम्म मी स्वतः तोंडानं बोलून घेतला. माझ्याजवळ माझं म्हणावं असं तेवढंच आहे. ते मरायला टेकले तेव्हाही त्यांनी एका नातेवाइकाला, घरात पूजा घालू या म्हणाला म्हणून, खाटेवरून हाकललं होतं.

हे सगळं नवऱ्याला माहीत होतं. तो म्हणाला की त्यानं काही बदलत नाही, मेलेला माणूस तिकडे नाही म्हणू शकतो, त्याला मोकळीक असते. मी म्हटलं, मग ते नाहीच म्हणाले. मी ओळखते त्यांना. त्यानंतर आम्ही आठवडाभर फक्त मुलीच्या डब्याबद्दल बोललो.

मी ठरवलं की आई यायच्या आत तो तारा काढून टाकायचा. मग ठरवलं की सासूबाईंशी नीट बोलायचं. दोन्ही झालं नाही. मी गेले की त्या उलट्या करत असत, किंवा झोपलेल्या असत, किंवा नातवंडांनी वेढलेल्या असत. सबबी भरपूर होत्या, त्या शोधायला मला कष्ट पडले नाहीत.

चोवीस तारखेच्या दुपारी आम्ही गेलो. आईनं निळ्या काठांची पांढरी साडी नेसली होती आणि वरून माझा जाड कोट. चाळीस माणसं दिवाणखान्यात, जिन्यावर, दारात. सासूबाईंना खुर्चीत उशा लावून बसवलं होतं. गाणी झाली, प्रार्थना झाली. मग सासऱ्यांनी नावं वाचायला घेतली आणि एकेक नातवंड एकेक तारा झाडावर लावू लागलं. बाबांचं नाव त्यांनी अडखळत वाचलं, पण आईला कळायला तेवढं पुरे होतं. सासूबाईंनी तो तारा आईच्या हातात द्यायला सांगितला.

आईनं चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तू लिहिलंस," ती म्हणाली. "कशाचं आहे हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. घरातल्या मेलेल्यांची आठवण काढतात म्हणून सांगितलं असतं तर तिनं मानलं असतं. मी खरं सांगितलं. तिथंच, चाळीस माणसांत, मराठीत, हळू आवाजात. हौद, नाव, जावई, बुडी. सगळे हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते, त्यांना वाटलं मी तिला सुंदर काहीतरी समजावून सांगतेय. नवरा खाली मान घालून उभा होता. मुलगी माझ्या शेजारी होती. ती मराठी बोलत नाही, पण तिला सगळं समजतं.

आई उठली. सासूबाईंच्या खुर्चीपाशी गेली, समोरच्या स्टुलावर बसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत मराठीत बोलली. आवाज चढला नाही. वर्गात चुकलेल्या मुलीला समोर बसवून बोलावं तशी बोलली.

"जिवंतपणी त्यांना पाण्याला हात लावू दिला नाही कोणी. मेल्यावर न विचारता पाण्यात बुडवलं. काहून? हे सांग विहीणबाईंना. जसंच्या तसं सांग."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या गालांची कातडी पिवळी पडली होती. काय म्हणाली, त्यांनी विचारलं.

मी जर्मनमध्ये म्हटलं, "आई म्हणते, तिला शब्द सुचत नाहीत. ती तुमचे आभार मानते."

सासूबाई रडल्या. पुढं वाकून त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले. सगळे रडायला लागले. आई तशीच ताठ बसून राहिली. तिनं हात सोडवून घेतले नाहीत. तिला वाटलं की समोरची बाई माफी मागतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी ती चहा करत होती. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा मुलगी तिच्याशी शाळेतल्या तोडक्या इंग्रजीत बोलत होती आणि मला पाहून गप्प झाली. आईनं तिला बाहेर पाठवलं. मग मला म्हणाली की विहीणबाई आभार ऐकून रडल्या म्हणे. मी बोलायला लागले, की ती मरतेय, की तिच्या हातात दोन महिने नाहीत, की कोणाचं त्यानं भलं होणार होतं. आईनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली की मरणाऱ्या माणसाला खरं ऐकायचा हक्क नाही, असं तुला कोणी शिकवलं. मी काही शिव्या दिल्या नाहीत, एक प्रश्न विचारला होता. तो तिला पोचव. तुझ्या भाषेत, तुझ्या पद्धतीनं, पण पोचव. मी हो म्हटलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती परत गेली.

सासूबाईंना त्याच महिन्यात हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळतात तिथं, हलवलं. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी ऑफिसातून थेट जायचे. प्रत्येक वेळी गाडी लावताना वाक्य तयार करायचे. जर्मनमध्ये ते फार लांब व्हायचं. माठ समजवावा लागायचा, ओंजळ समजवावी लागायची, गावाबाहेर म्हणजे काय ते समजवावं लागायचं. खोलीत गेलं की त्या पाणी मागायच्या, मी नळीच्या टोकानं दोन थेंब द्यायचे आणि वाक्य गिळायचे.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी त्या चांगल्या शुद्धीत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या की आता माझं जायचं जवळ आलं, तिकडे तुझ्या वडिलांची भेट होईल. त्यांना जर्मन येत नसेल. भेटल्यावर काय म्हणायचं, तुमच्यात काय म्हणतात, मला शिकव. त्या चेष्टा करत नव्हत्या. आठ मुलांची आई पाहुण्याच्या स्वागताची तयारी करत होती, जुनं पुढं आणि नवं मागं लावावं तितक्याच मन लावून.

त्या वेळी सांगायला हवं होतं. त्यांनी स्वतः दार उघडलं होतं. भेटले तर आधी त्यांना विचारा, एवढं म्हटलं असतं तरी आईचा प्रश्न पोचला असता.

मी त्यांना जय भीम म्हणायला शिकवलं. भ त्यांना जमेना. तीन-चारदा घोकून घेतलं. दुसऱ्या शुक्रवारी गेले तेव्हा त्या कोणाला ओळखत नव्हत्या, पण ओठ हलत होते, आणि शेजारी बसलेल्या मोठ्या नणंदेनं मला विचारलं की आई हे काय पुटपुटते. मी म्हटलं, मला माहीत नाही. सोमवारी पहाटे त्या गेल्या.

मातीच्या दिवशी संध्याकाळी मी आईला फोन केला. तिनं सगळं नीट विचारलं, शेवटी त्रास झाला का, सासरे जेवले का, जावईबापूंना सांभाळ म्हणाली. विहीणबाईंसाठी विहारात वंदना घेईन म्हणाली. मग तिनं विचारलं, सांगितलंस का. मी नाही म्हटलं. आणि रडत रडत पुन्हा तेच सुरू केलं, की त्यांना तुझ्याबद्दल फार वाटत होतं, त्या समाधानानं गेल्या, तुझे आभार घेऊन गेल्या.

"माझे नाहीत," आई म्हणाली. "तुझ्या सासूनं मेलेल्या माणसाला विचारलं नाही, पोरी. मी तर जितीजागती तिथंच बसली होती."